जुन्या गाडीत मोबाइलची गाणी: एफएम ट्रान्समीटर बसवण्याचा सगळा खटाटोप

गाडी २००९ ची हॅचबॅक. डॅशबोर्डात कंपनीनेच बसवलेला सीडी-रेडिओ. ऑक्सचं (बाहेरच्या आवाजाची वायर खुपसायचं) भोक नाही, यूएसबी नाही आणि ब्लूटूथचा तर प्रश्नच नाही. सीडीची लेन्स कधीच कामातून गेलेली, रेडिओ मात्र ठणठणीत. अशा गाडीत फोनमधली गाणी वाजवायचे मार्ग मोजकेच आहेत. त्यातला सगळ्यात स्वस्त मार्ग, म्हणजे एफएम ट्रान्समीटरचा, एप्रिल ते जून या काळात नागपुरात पूर्ण केला. त्यात काय काय निघालं ते क्रमाने लिहितो.

आधी एक गोष्ट. तुमच्या टेपला, म्हणजे डॅशबोर्डातल्या सीडी-रेडिओला, पुढे किंवा मागे ३.५ मिलिमीटरचं ऑक्सचं भोक असेल तर ट्रान्समीटरच्या भानगडीत पडू नका. दोन-अडीचशे रुपयांची चांगली वायर किंवा चारशेचा ब्लूटूथ रिसीव्हर त्यात खुपसा, आवाज याच्यापेक्षा कितीतरी चांगला मिळेल. ट्रान्समीटर ज्यांच्याकडे रेडिओशिवाय दुसरं दारच नाही त्यांच्यासाठी आहे.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सदर आणि सीताबर्डीतल्या दुकानांत चौकशी केली. नवीन ब्लूटूथ स्टीरिओ तीन हजारांपासून पुढे. त्यावर फ्रेम, जुन्या वायरिंगला जुळणारा कपलर आणि मजुरी धरली की साडेचार हजार सहज होतात. आमच्या डॅशबोर्डातल्या टेपचा आकार चौकोनी नाही, वाकडातिकडा आहे. फ्रेम मिळते पण बाजूला फट राहते. एका दुकानदाराने थेट अँड्रॉइड स्क्रीनच समोर ठेवली, दहा हजारांची. दुसरा पर्याय वायर्ड मॉड्युलेटरचा: अँटेनाची वायर टेपच्या मागून काढून मध्ये एक छोटी डबी बसवायची. त्याबद्दल शेवटी. तिसरा पर्याय हा ट्रान्समीटर, साडेचारशेपासून दीड हजारापर्यंत. गाडीचं वय बघता तिसराच निवडला.

याचं काम कसं चालतं ते समजून घेतलं की पुढची निम्मी डोकेदुखी वाचते. फोन ब्लूटूथने गाणं ट्रान्समीटरला देतो. ट्रान्समीटर सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून वीज घेतो आणि तेच गाणं अगदी क्षीण एफएम लहरींवर सोडतो. गाडीचा अँटेना त्या लहरी पकडतो, रेडिओला वाटतं एक स्टेशन लागलंय. म्हणजे तुम्ही काही फूट पल्ल्याचं स्वतःचं आकाशवाणी केंद्र चालवत असता, आणि त्याच पट्ट्यात किलोवॅटच्या भाषेत बोलणारी खरी स्टेशनं बसलेली असतात. एफएममध्ये दोन सिग्नल एकाच जागी आले की जो जोरदार तो जिंकतो, दुसरा जवळपास गायब होतो. दोघं बरोबरीचे झाले तर मात्र खरखर आणि दोन्हीकडचे तुकडे ऐकू येतात. म्हणून सगळा खेळ रिकामी फ्रिक्वेन्सी, अँटेना आणि आवाजाची पातळी या तीन गोष्टींचा आहे. महागडं यंत्र घेऊन यातली एकही गोष्ट आपोआप सुटत नाही.

पहिला नग २८ एप्रिलला ऑनलाइन मागवला. किंमत ६४९. २ मेला पार्सल आलं. लावला, गाणं सुरू झालं, आणि इंजिन चालू करताच मागे एक बारीक शिट्टी. अ‍ॅक्सिलरेटर दिला तरी शिट्टीचा सूर बदलत नव्हता. हे लक्षात ठेवा. सूर इंजिनबरोबर चढला असता तर दोष आल्टरनेटरच्या (इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या) वाटेने आला असता. न बदलणारी शिट्टी म्हणजे ट्रान्समीटरच्या पोटातलाच १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा भाग गडबडतोय. दुसऱ्या गाडीत लावून पाहिला, तिथेही तीच शिट्टी. वस्तू परत करायची ठरली.

परतीचं प्रकरण जरा लांबलं. अटीत लिहिलं होतं, 'सात दिवसांत फक्त बदली'. ४ मेला तक्रार नोंदवली तर आधी व्हिडिओ मागितला. व्हिडिओ एकाच टेकमध्ये काढा: ट्रान्समीटरच्या स्क्रीनवरची फ्रिक्वेन्सी दिसली पाहिजे, टेपवरची तीच फ्रिक्वेन्सी दिसली पाहिजे आणि गाणं पॉज असताना शिट्टी ऐकू आली पाहिजे. मग ठरलेले प्रश्न: फोन चार्ज करत होता का, दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पाहिलं का, दुसऱ्या गाडीत पाहिलं का. तिन्हींची उत्तरं तयार असल्यामुळे पुढे सरकलं. बदली नग स्टॉकमध्ये नाही म्हणून ८ मेला परतावा मंजूर झाला. न्यायला आलेल्या मुलाने खोका, आतला प्लॅस्टिकचा ट्रे, छोटी केबल आणि अनुक्रमांकाचं स्टिकर सगळं तपासलं, मग ओटीपी घेतला. पैसे १६ मेला खात्यात आले. खोका फाडून उघडायची सवय असेल तर अशा वस्तूपुरती ती मोडा, आणि तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. दाद लागलीच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. आमच्यावर ती वेळ आली नाही.

दुसरा नग सीताबर्डीच्या मोदी नंबर तीनच्या गल्लीतून घेतला. ७५० ला पक्क्या बिलासकट. ऑनलाइनपेक्षा शंभर रुपये जास्त गेले, पण दुकानदार स्वतःच म्हणाला, "भाऊ, गाडी इकडंच असंन तर लावून पाहून घ्या ना. घरी जाऊन कायले फोन करता?" बर्डीत गाडी उभी करायला जागा मिळणं हे वेगळं दिव्य आहे, ते सकाळी दुकानं उघडतानाच जमतं. खोक्यावर एमआरपी, आयात केल्याचा महिना-वर्ष, आयातदाराचं नाव आणि ग्राहक सेवेचा नंबर छापलेला आहे का ते पाहा. हे नसलेला माल वॉरंटीत कुणीच दारात उभा करणार नाही.

निवडताना पाहायच्या गोष्टी फार नाहीत. ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ हा पूर्ण पट्टा ०.१ च्या पावलांनी फिरवता आला पाहिजे. चार-सहा ठरावीक फ्रिक्वेन्सीच देणारे नग घेऊ नका, नेमक्या त्याच जागा तुमच्या गावात भरलेल्या असतात. मान वळणारी असेल तर स्क्रीन डोळ्यांसमोर येते आणि यंत्र अँटेनाच्या दिशेला सरकवता येतं. बटण एकच आणि मोठं असावं. रंगीत दिवे, 'बास बूस्ट', 'हाय-फाय' यांच्याकडे लक्ष देऊ नका. एफएमचा ध्वनी १५ किलोहर्ट्झच्या वर जातच नाही, त्यामुळे हाय-फायचा दावा खोक्यापुरताच.

आता मुख्य काम: रिकामी जागा शोधणं. नागपुरात ९१.१ ला रेडिओ सिटी, ९३.५ ला रेड एफएम, ९४.३ ला माय एफएम, ९८.३ ला मिरची आणि १००.६ ला विविध भारती. ९१ ते ९५ हा सगळा पट्टा गजबजलेला समजा आणि सोडून द्या. एफएमचं एक स्टेशन साधारण ०.२ मेगाहर्ट्झ जागा व्यापतं, पण जोरदार स्टेशनची सावली त्याहून लांब पडते. आपल्या दोन्ही बाजूंना किमान ०.४, जमलं तर ०.८ मोकळं हवं.

ट्रान्समीटरवर 'ऑटो सर्च' असतो. त्याच्यावर विसंबू नका. तो स्वतःच्या बोटभर अँटेनाने ऐकतो; छतावरच्या अँटेनाला काय ऐकू येतं हे त्याला माहीतच नसतं. टेपचा 'सीक'सुद्धा नको, तो कमजोर स्टेशनं ओलांडून पुढे पळतो. ट्रान्समीटर सॉकेटमधून पूर्ण काढून ठेवा, इंजिन आणि एसी चालू करा आणि टेपवर एकेक पाऊल हाताने पुढे जा. कान द्यायचा तो फक्त फसफशीकडे. खरोखर रिकाम्या जागी पाऊस पत्र्यावर पडावा तशी एकसारखी, दाट फसफस येते. एखाद्या जागी फसफस मध्येच दबली किंवा श्वास घेतल्यासारखी खालीवर झाली, तर तिथे दूरचं एखादं स्टेशन किंवा स्टेशनची नुसती, आवाजाशिवायची वाहक लहर आहे. गाणं-बोलणं काहीच ऐकू येत नसलं तरी ती जागा वर्ज्य.

चार-पाच जागा कागदावर उतरवल्या की उलटी परीक्षा घ्या. ट्रान्समीटर लावा, फोन जोडा, गाणं पॉज करा. आता टेपवर फसफस किती मरते ते ऐका. चांगल्या जागी ती पूर्ण नाहीशी होते, टेप बंद पडला की काय असं वाटतं. गाणं वाजवून परीक्षा घेऊ नका, गाण्यात सगळं लपतं. ही शांतता उभ्या गाडीत मिळाली तरी शहरात फिरून पुन्हा तपासायची. आम्ही धंतोलीच्या गल्ल्या, सेमिनरी हिल्सचा चढ, वाडीकडचा अमरावती रोड आणि वर्धा रोडचा डबल डेकर पूल एवढं धरलं. पुलावर मुद्दाम जा. उंच आणि उघड्या जागी दूरची स्टेशनं वर येतात, आणि खाली रस्त्यावर स्वच्छ असलेली फ्रिक्वेन्सी तिथे खरखरू लागते. आमच्या यादीतल्या दोन जागा पुलावरच बाद झाल्या. शेवटी १०५.२ टिकली आणि राखीव म्हणून ९६.५. तुमच्या भागात दुसरं काही निघेल. हे आकडे डोळे झाकून उचलू नका.

१०७.५ च्या वर मी जात नाही, यंत्र १०८.० पर्यंत जात असलं तरी. १०८ पासून पुढचा पट्टा विमानांच्या दिशादर्शक यंत्रणेचा आहे, आणि आपला विमानतळ वर्धा रोडवरच. एवढ्या क्षीण यंत्राने काही बिघडेल असं नाही. तरी मोकळी जागा दुसरीकडे मिळत असताना तिथे कडेला जाऊन बसायचं कशाला? कारखान्यातून लावून आलेली फ्रिक्वेन्सीही बदला. बऱ्याच लोकांनी ती तशीच ठेवलेली असते आणि व्हेरायटी चौकाच्या सिग्नलला शेजारच्या गाडीतली भजनं तुमच्या गाडीत वाजू लागतात.

अँटेनाचा मुद्दा लोकांना पटत नाही, म्हणून जरा सविस्तर. खरी स्टेशनं अँटेनाच्या दांडीतून येतात. ट्रान्समीटर मात्र गाडीच्या पत्र्याच्या आत आहे. त्याचा सिग्नल एकतर काचेतून बाहेर पडून दांडीपर्यंत पोचतो, नाहीतर डॅशबोर्डामागून जाणाऱ्या अँटेनाच्या वायरमध्ये आतल्या आत शिरतो. दांडी पुढच्या काचेच्या वर असेल तर अंतर कमी, काम सोपं. छताच्या मागच्या टोकाला किंवा मागच्या काचेत असेल तर अंतर वाढतं, आणि तेच यंत्र मित्राच्या गाडीत मस्त चालतं पण आपल्या गाडीत नाही, असं होतं. दोष यंत्राचा नसतो.

आमची दांडी घडीची आहे. ती पूर्ण आत ढकलली आणि फरक लगेच कळला: बाहेरची स्टेशनं बरीच मंदावली, ट्रान्समीटर तेवढाच राहिला. शहरात हा उपाय फुकटचा आणि सगळ्यात परिणामकारक. स्क्रूची दांडी असेल तर ती काढून पाहा. विविध भारती ऐकायची असेल तेव्हा पुन्हा बाहेर काढायची, इतकंच. त्याआधी दांडीच्या बुडाशी गंज आहे का आणि टेपच्या मागचा अँटेनाचा प्लग सैल आहे का हे बघून घ्या. सैल प्लगवर खड्ड्याखड्ड्याला आवाज जातो-येतो आणि शिव्या ट्रान्समीटरला बसतात. सॉकेट खूप खाली, गिअरजवळ असेल तर एक्स्टेंशन वायरने यंत्र वर आणता येतं. ही वायर शंभर-दीडशेला मिळते, जाड तांब्याची घ्या.

मग आवाजाची पातळी. इथे तीन बटणं एकामागे एक आहेत: फोनचं, ट्रान्समीटरचं आणि टेपचं. फोन ८० टक्क्यांच्या आसपास, त्याचा इक्वलायझर बंद. ट्रान्समीटर मध्यावर. टेपवर बास, ट्रेबल शून्य, 'लाउडनेस' बंद. आता टेपचं बटण न हलवता एखादं खरं स्टेशन आणि आपलं गाणं आळीपाळीने लावा, आणि दोन्ही सारख्या जोराचे होईपर्यंत फक्त ट्रान्समीटरची पातळी कमीजास्त करा. गाणं बारीक असेल तर टेप वाढवावा लागतो आणि त्याबरोबर खरखरही वाढते. गाणं जोरात असेल तर एफएमची मर्यादा ओलांडली जाते. 'स', 'श', 'छ' ही अक्षरं फुटतात, झांजा काचेसारख्या किरकिरतात. टेपच्या मेकॅनिकने हे एका वाक्यात सांगितलं, "स्पीकर नाही फाटला दादा, तुमचा आवाजच तिकडून फाटून येऊन राहिला." सगळं जुळूनही आवाज तीक्ष्ण वाटला तर ट्रेबल दोन पायऱ्या उतरवा. प्रक्षेपणापूर्वी एफएममध्ये उंच सूर मुद्दाम वाढवतात आणि रेडिओ ते पुन्हा कमी करतो. भारतात त्यासाठी ५० मायक्रोसेकंदांचं मानक आहे, अमेरिकेत ७५ चं. तिकडच्या हिशेबाने लावलेलं यंत्र आपल्या टेपवर किंचित चिरकं वाजतं.

सवय एक लावून घ्या. गाडी बंद करताना आधी टेपचा आवाज उतरवा. ट्रान्समीटर आधी बंद पडला आणि टेप चालू राहिला तर कान फाडणारी फसफस येते.

आवाज येत असेल तर कारण ओळखायची पद्धत ठरलेली आहे. गाणं पॉज करून ऐका. अ‍ॅक्सिलरेटरबरोबर सूर चढतोय: आल्टरनेटर. आमच्याकडे तो फक्त त्याच ट्रान्समीटरच्या यूएसबीवर फोन चार्ज होत असताना येत होता, विशेषतः फास्ट चार्जिंगच्या पोर्टवर. साध्या पोर्टवर फोन लावला की नव्वद टक्के गेला. ब्लूटूथऐवजी ३.५ मिलिमीटरच्या वायरने फोन जोडलात आणि त्याच वेळी चार्जिंगलाही लावलात, तर जमिनीच्या (ग्राउंडच्या) तारेचं वेटोळं तयार होतं आणि घूंऽऽ सुरू होते. त्यावर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची दोन-अडीचशेची डबी मिळते, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. ब्लूटूथवर तिची गरज नाही, कारण ध्वनीची तारच नाही. मध्येच 'टिर्र टिर्र' येत असेल तर फोन टू-जी नेटवर्कवर गेलाय. फोन यंत्रापासून हातभर लांब ठेवा. आणि बाकी सगळं करूनही बारीक फसफस उरलीच तर टेपला किंवा ट्रान्समीटरला मोनो करायची सोय आहे का पाहा. स्टीरिओत एफएमची खरखर बरीच जास्त असते. मोनो केल्यावर डावं-उजवं जातं पण आवाज स्वच्छ होतो. जुन्या नाट्यपदांना आणि अभंगांना तसंही मोनोच शोभतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात नवी कटकट सुरू झाली. खड्ड्यात गाडी गेली की यंत्र बंद, पुन्हा चालू, पुन्हा ब्लूटूथ जुळणी. कारण सॉकेट. जुन्या गाडीत मधला संपर्क काळा पडलेला असतो. फ्यूज काढा, मगच आत हात घाला. बारीक पॉलिश पेपर काडीला गुंडाळून संपर्क घासला, यंत्राच्या बाजूच्या दोन पत्र्याच्या जिभा किंचित बाहेर वाकवल्या आणि प्रश्न मिटला. चांदीचा कागद किंवा पैशाचं नाणं भरून पक्कं बसवायचा सल्ला देणारे भेटतात. शॉर्ट होऊन फ्यूज उडेल, म्हणून त्यांचं ऐकू नका. फ्यूज उडालाच तर तेवढ्याच अँपिअरचा टाका, मोठा नको.

किल्ली काढल्यावर यंत्राचा दिवा चालू राहतो का हेही त्याच दिवशी बघा. काही गाड्यांत सॉकेटला कायम वीज असते. यंत्र रिकामं बसून ८० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला जवळपास दोन अँपिअर-तास होतात. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीची गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली तर सकाळी धक्का मारायची वेळ येते. अशा गाडीत उतरताना यंत्र काढायचंच.

आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ते सगळ्यांनीच काढावं. मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, बंद गाडीतला डॅशबोर्ड त्याहून कितीतरी तापतो. यंत्र, पेन ड्राइव्ह, फोन, काहीही आत ठेवू नका. आल्यावर आधी काचा खाली करून दोन-तीन मिनिटं गरम हवा जाऊ द्या, मग यंत्र लावा.

पेन ड्राइव्हवरून थेट वाजवायची सोय बहुतेक यंत्रांत असते आणि मला ती ब्लूटूथपेक्षा बरी वाटते, फोन मोकळा राहतो. ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा. एनटीएफएस किंवा एक्सफॅट वाचला जात नाही आणि स्क्रीनवर नुसत्या रेघा येतात. विंडोजचं नेहमीचं फॉरमॅटचं पान ३२ जीबीपर्यंतच फॅट-३२ चा पर्याय देतं, म्हणून ३२ जीबीचाच ड्राइव्ह घ्या. एमपी-३ फाइल १९२ केबीपीएसची पुरे. १५ किलोहर्ट्झच्या वरचं तसंही कापलं जातं, मग ३२० च्या फाइलींनी जागा का अडवायची. गाणी नावाच्या क्रमाने वाजत नाहीत, ज्या क्रमाने कॉपी केली त्या क्रमाने वाजतात. म्हणून फाइलींना ००१, ००२ असे आकडे द्या, ड्राइव्ह रिकामा करा आणि मग सगळं एकदम क्रमाने कॉपी करा. देवनागरी नावं स्क्रीनवर चौकोन होऊन दिसतात, त्याने वाजण्यात फरक पडत नाही.

७ जूनला अकोल्याची फेरी झाली. कोंढाळी सुटल्यावर नागपूरची स्टेशनं विरळ होतात आणि कुठलीही फ्रिक्वेन्सी छान वाजते, हा लांब रस्त्याचा फायदा. अकोल्यात शिरलं की तिथली यादी वेगळी, १०५.२ ची खात्री तिथे नाही. म्हणून टेपच्या मेमरीत तीन जागा भरून ठेवल्यात: पहिल्या बटणावर १०५.२, दुसऱ्यावर ९६.५, तिसऱ्यावर ८८.७. ट्रान्समीटरची फ्रिक्वेन्सी बदलायची ती गाडी बाजूला घेऊन. चालत्या गाडीत हातात फोन धरला तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ लागतं, पहिल्या वेळी दंडच एक हजार ते पाच हजार. फोनवर बोलायचा मायक्रोफोन यंत्रातच असतो, पण तो सॉकेटजवळ खाली आणि एसीचा वारा त्याच्यावर. समोरच्याला आपला आवाज विहिरीतून आल्यासारखा जातो. फोन उचलायला बटण ठीक, गप्पांना नाही.

एकूण खर्च ७५० चं यंत्र, १५० ची एक्स्टेंशन वायर आणि पॉलिश पेपरचे दहा रुपये. शहरात साधारण सीडीच्या खालचा आणि नेहमीच्या रेडिओच्या बरोबरीचा आवाज मिळतो. यापेक्षा जास्त अपेक्षा असेल तर वायर्ड मॉड्युलेटर बघा. तो अँटेनाची वायर आणि टेप यांच्या मध्ये बसतो, चालू केला की बाहेरची दांडी तोडून फक्त आपला सिग्नल टेपला देतो, त्यामुळे रिकामी जागा शोधायची दगदग उरत नाही. बर्डीत त्याचे हजाराच्या आसपास सांगितले, मजुरी वेगळी. त्यासाठी टेप बाहेर काढावा लागतो. वीज तुटल्यावर कोड मागणारे टेप असतात, तेव्हा गाडीच्या कागदपत्रांतलं कोडचं कार्ड सापडल्याशिवाय मेकॅनिकला स्क्रूला हात लावू देऊ नका.